शेततळ्यातले मासे पहाटेच का मरतात? उत्तर शिकवणारं विद्यापीठ अंधेरीत आहे

संध्याकाळी खाद्य टाकलं तेव्हा मासे चांगले उड्या मारत होते. पहाटे तळ्यावर जाऊन बघावं तर शेकडो मासे पोट वर करून तरंगतायत. अशा वेळी गावात पहिला शब्द निघतो तो म्हणजे ‘विष’. कुणीतरी रात्री येऊन काहीतरी टाकलं. मग जुनं बांधाचं भांडण आठवतं, संशयाचं बोट शेजाऱ्याकडे जातं आणि प्रकरण कधी कधी पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतं.

विष घातल्याचे प्रकार होत नाहीत असं नाही. पण मासे मेलेले पहाटे दिसले आणि आदल्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, तर बहुतेक वेळा दोषी शेजारी नसतो. दोषी असतो पाण्यातला ऑक्सिजन.

तळ्याचं पाणी हिरवं दिसतं ते त्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा उन्हात हे शेवाळ पाण्यात ऑक्सिजन सोडतं. सूर्य मावळला की ते काम थांबतं, पण श्वास घेणं थांबत नाही. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन खातं, मासेही खातात आणि तळाशी कुजणारं उरलेलं खाद्य आणि शेणही खातं. त्यामुळे चोवीस तासांतला सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर मासा सुखी, ३ च्या खाली गेला की तडफड सुरू. ढगाळ दिवशी मुळात साठाच कमी होतो. त्यात मासे दाटीवाटीने सोडलेले, खाद्य जास्त, शेणखत जास्त, की पहाटे हिशेब चुकता होतो.

याची खूण आधी दिसते. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ती धोक्याची घंटा. त्या दिवशी खाद्य आणि शेण बंद करायचं, ताजं पाणी सोडायचं, एअरेटर असेल तर पहाटे चालवायचा, नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडायचं. पाणी किती हिरवं चालेल याचीही साधी परीक्षा आहे. हात पाण्यात घाला. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला तर पाणी गरजेपेक्षा जास्त हिरवं झालंय.

एवढं माहीत असतं तर कित्येक तळी वाचली असती. कित्येक भांडणंसुद्धा. हे शास्त्र देशात सगळ्यात वरच्या पातळीवर जिथं शिकवलं जातं ती जागा आहे मुंबई उपनगर जिल्ह्यात, अंधेरी तालुक्यात, वर्सोव्याला.

सात बंगल्याजवळचं ‘मासळी विद्यापीठ’

केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, म्हणजे सीआयएफई, १९६१ साली सुरू झाली. १९७९ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे (आयसीएआर) आली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अंधेरी पश्चिमेला सात बंगल्याजवळच्या एका रस्त्याचं नावच फिशरीज युनिव्हर्सिटी रोड आहे. संस्थेचा नवा परिसर आहे यारी रोडच्या बाजूला. पहिल्यांदा जाणाऱ्याची एक फसगत होते. मेट्रोचं ‘वर्सोवा’ स्टेशन म्हणजे वर्सोवा गाव नव्हे. तिथून पुढे रिक्षा किंवा बस करावी लागते.

मासे आणि कृषी परिषद यांचा संबंध काय, असं काहींना वाटेल. देशपातळीवर मत्स्यशास्त्र हे पहिल्यापासून कृषी शिक्षणाचाच भाग आहे. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे आता गावपातळीवरही ही गोष्ट पटायला सोपी झाली.

इथं पदवी मिळत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवं. बारावी झाल्यावर थेट वर्सोव्याला जाता येत नाही. इथं दोन वर्षांची एमएफएससी आणि त्यापुढे पीएचडी होते. विषय ११ आहेत. मत्स्यसंवर्धन म्हणजे मासे वाढवणं हा एक झाला. माशांचं खाद्य, रोग, पैदास आणि आनुवंशिकता, मासळी टिकवणं व प्रक्रिया, मासेमारीचं अर्थशास्त्र, गावात जाऊन ज्ञान पोहोचवणारं विस्तार शिक्षण, असे बाकीचे. एक विषय पूर्णपणे पर्यावरणाचा आहे: जलीय पर्यावरण व्यवस्थापन. खाडीत सांडपाणी आलं तर कोळंबीचं काय होतं, कांदळवन तोडलं तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार नाही, तळ्यातलं खराब पाणी ओढ्यात सोडलं तर खालच्या गावाचं काय, हे सगळं त्यात येतं.

या अभ्यासाला प्रयोगशाळा शोधायला लांब जावं लागत नाही. वर्सोवा-मालाडची खाडी दाराशी आहे. एकीकडे कांदळवन, दुसरीकडे उपनगराचं सांडपाणी आणि प्लास्टिक, आणि मध्ये कोळीवाड्याच्या होड्या. कांदळवनाच्या मुळांत कोळंबी आणि कित्येक माशांची पिल्लं लहानाची मोठी होतात. घरात पाळणाघर असावं तसं. ते बुजवलं की समुद्रातलं उत्पन्न घटतं, फक्त ते त्याच वर्षी दिसत नाही म्हणून कुणी कुणाला जाब विचारत नाही.

क्षारपड जमिनीत कोळंबी

या संस्थेचं जे काम शेतकऱ्याला सगळ्यात जवळचं वाटेल ते मुंबईत झालेलं नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, हरियाणातल्या रोहतकजवळ लाहली इथं संस्थेचं एक केंद्र आहे. तिथली अडचण सांगली-कोल्हापूरकडच्या ऊस उत्पादकांना समजावून सांगायला नको. पाणी भरपूर दिलं, निचरा झाला नाही, भूजल वर आलं आणि त्याबरोबर क्षार वर आले. जमीन पांढरी पडली. गहू येईना, भात येईना, सातबाऱ्यावर जमीन आणि घरात उत्पन्न शून्य.

शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. पाणी खारंच असेल तर खाऱ्या पाण्यातलंच पीक का घेऊ नये? पण विहिरीतलं खारं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. त्यात कोळंबी सोडली तर ती नीट कात टाकत नाही आणि मरते. कारण सापडलं ते असं की जमिनीखालच्या या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम फार कमी असतं. ते बाहेरून पुरवलं की कोळंबी जगते, वाढते. आणि पुरवायचं कशातून? शेतकरी ज्या म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी पिकासाठी आणतो त्यातूनच. आज हरियाणा, पंजाब, राजस्थानात अशा जमिनींवर व्हेनामी कोळंबीची तळी दिसतात ती या कामाच्या पायावर.

मात्र व्हॉट्सअॅपवर एखादा व्हिडिओ बघून कुणी लगेच जेसीबी बोलावू नये. तळ्यातलं खारं पाणी शेवटी सोडणार कुठं, हा यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. ते शेजारच्या चांगल्या रानात झिरपलं तर स्वतःची पडीक जमीन सुधारताना दुसऱ्याची बिघडेल. कोळंबीचे रोग एका रात्रीत तळं रिकामं करू शकतात आणि भांडवल मोठं लागतं. पाणी तपासणी आणि मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आधी, खोदाई नंतर.

शिकायचं कुणाच्या पोरांनी?

वर्सोवा कोळीवाडा आणि हे विद्यापीठ यांच्यात अंतर फार नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीची भांग, कुठल्या वाऱ्यात कुठं जाळं लावायचं हे कोळ्याला पिढ्यान्पिढ्या पाठ आहे. पुस्तकात त्याचं शास्त्र होतं, पदवी होते, पुढे अधिकारी होतो आणि तोच अधिकारी जाळ्याच्या आसाचा नियम सांगायला बंदरावर येतो. तो अधिकारी कोळ्याच्या, आदिवासीच्या, शेतकऱ्याच्या घरातून आलेला असेल तर बोलणं वेगळं होतं. नसेल तर पुष्कळदा नुसता वाद होतो.

हा प्रश्न जगात एका समाजाने फार आधी सोडवायला घेतला होता, आणि मराठी वाचकाला त्याची अर्धी गोष्ट माहीत आहे. वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आलं आणि गावोगावच्या शाळांत, वाचनालयांत पोहोचलं. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, एका कॉलेजने प्रवेश दिलेला असताना केवळ कातडीचा रंग पाहून दारातून परत पाठवलेला मुलगा, शेतीशास्त्रात एमएस्सी होतो आणि १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथं शिकवायला जातो. पुढची ४७ वर्षं, १९४३ मध्ये मरेपर्यंत, तो तिथंच राहिला.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे टस्कीगी या कॉलेजचा. ते १८८१ मध्ये सुरू झालं ते काळ्या लोकांसाठीच, कारण अमेरिकेच्या दक्षिण भागातली गोऱ्यांची कॉलेजं त्यांना घेत नव्हती. १८९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैशावर चालणारी शेती कॉलेजं एकतर काळ्यांना प्रवेश देतील, नाहीतर त्या राज्याने त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढावं. बऱ्याच राज्यांनी वेगळं काढणं पसंत केलं. अशी १९ विद्यापीठं आज आहेत, टस्कीगी त्यांच्यातच मोजलं जातं. शेती आणि पर्यावरण शास्त्र हा त्यांचा कणा आहे: माती, पाणी, जंगल, पशुपालन, अन्नप्रक्रिया.

कार्व्हरसमोर जे शेतकरी होते ते बहुतेक वाट्याने शेती करणारे, सावकाराच्या कर्जात बुडालेले, वर्षानुवर्षं कापूस आणि कापूसच पेरून जमीन निकस झालेले. त्याने त्यांना भुईमूग, चवळी आणि रताळी लावायला सांगितलं. भुईमूग आणि चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. आपल्याकडचा शेतकरी ज्याला बेवड म्हणतो, तेच. पण कार्व्हरचं खरं शहाणपण पुढे आहे. शेतकरी कॉलेजात येणार नाहीत, त्यांना वाचता येत नाही आणि मजुरी बुडवता येत नाही, हे ओळखून टस्कीगीने १९०६ मध्ये कॉलेजच गाडीवर चढवलं. घोड्याची गाडी, त्यात अवजारं, बियाणं, खतं, दूध घुसळायची साधनं. गाडी गावात यायची, शेतातच शिकवणी व्हायची. आज आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रं जे करतात, किंवा करायला हवं, ते त्या गाडीने तेव्हा केलं. भारतात पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून सांगितलं की त्यांच्या राज्यांनी काळ्यांच्या या शेती विद्यापीठांना तीन दशकांत मिळून १२०० कोटी डॉलरहून जास्त कमी निधी दिला. जमिनीचीही तीच कथा. १९२० मध्ये तिथं काळे शेतकरी नऊ लाखांवर होते. आज ते पन्नास हजारांच्या आसपास आहेत. कर्ज नाकारणं हे एक कारण. दुसरं कारण वाचून इथला शेतकरी चपापेल: वारसनोंदी न करणं. आजोबा गेले, मृत्युपत्र नाही, जमीन सगळ्या नातवंडांच्या सामायिक नावावर. मग बाहेरचा कुणीतरी एका दूरच्या वारसाचा छोटा हिस्सा विकत घ्यायचा आणि कोर्टातून सगळी जमीनच लिलावात काढायला लावायचा. म्हणून या कॉलेजांची विस्तार केंद्रं आता पिकाबरोबर वारसाहक्काबद्दलही मार्गदर्शन करतात.

महाराष्ट्राशी या सगळ्याचं नातं पुस्तकापुरतं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटणाऱ्यांना. पुढे दहा वर्षांनी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याचं मूळ अविद्येत दाखवलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.

इथल्या मुलांना त्या अमेरिकी विद्यापीठांत जाता येतं का, असं कुणी विचारेल. येतं. आज तिथं वर्णाची अट नाही, परदेशी विद्यार्थीही असतात. पण तिथली जी मोठी सरकारी शिष्यवृत्ती आहे ती अमेरिकी नागरिकांनाच मिळते आणि पदवीचा खर्च साध्या शेतकरी घराला झेपणारा नाही. पदवी इथं करून पुढच्या शिक्षणाला संशोधन सहायकाची जागा मिळवून जाणं हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग.

वर्सोव्याची वाट अकरावीत सुरू होते

तर मग अंधेरीपर्यंत पोहोचायचं कसं? वाट सरळ आहे, पण पहिलं वळण लवकर येतं आणि तिथंच खेड्यातली बरीच मुलं चुकतात. अकरावीला सायन्स आणि त्यात बायोलॉजी हवं. आर्ट्स-कॉमर्स घेतलं की हा रस्ता बंद होतो. नुसतं मॅथ्स घेऊन बायोलॉजी सोडलं तरी मत्स्यशास्त्राच्या प्रवेशात अडचण येते.

बारावीनंतर चार वर्षांची बीएफएससी. महाराष्ट्रात तिची सरकारी कॉलेजं रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला आहेत. शिरगावचं कॉलेज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी जोडलेलं, बाकीची दोन नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. गंमत बघा, समुद्र एकट्या रत्नागिरीला आहे. पण विदर्भात मालगुजारी तलाव आहेत, मराठवाड्यात शेततळी आणि धरणं आहेत, आणि गोड्या पाण्यातल्या रोहू, कटला, मृगळचं शास्त्र तिथंच जास्त कामाचं. नदीतून बीज गोळा करायची जुनी पद्धत मागे पडून हॅचरीत इंजेक्शन देऊन बीज तयार करता येऊ लागलं ते १९५७ मध्ये ओडिशात, डॉ. हिरालाल चौधरी यांच्या प्रयोगानंतर. तो दिवस होता १० जुलै, म्हणून त्या दिवशी देशभर मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

बीएफएससी हातात आली की आयसीएआरची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची. तिच्या गुणांवर वर्सोव्याचा प्रवेश ठरतो. यादीत वर आलेल्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे मुंबईत राहायचं कसं ही घरच्यांची धास्ती बरीच कमी होते. मराठी माध्यमातल्या मुलांना खरा त्रास होतो तो इंग्रजीचा, कारण शिकवणं आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीत. तो पहिल्या एक-दोन सेमिस्टरचा असतो. मासा कसा हाताळायचा, जाळं कसं विणायचं यात मात्र कोळीवाड्यातलं पोर वर्गात कुणाला ऐकत नाही.

नोकरीचं म्हणाल तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागात अधिकारीपदं, सरकारी बँकांमध्ये कृषी अधिकारी पदं (त्या परीक्षेला मत्स्यशास्त्राची पदवी चालते), संशोधन संस्था, खाद्य आणि प्रक्रिया कंपन्या. स्वतःचा व्यवसाय करायचा तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. ज्यांना पदवी करायचीच नाही, नुसतं तळं नीट चालवायचंय, अशांसाठी वर्सोव्याची संस्था मत्स्यशेतकरी आणि मच्छीमारांची छोटी प्रशिक्षणं घेते. त्याच्या सूचना संस्थेच्या संकेतस्थळावर येतात. तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही विचारता येतं.

कागदांचं काम मात्र आतापासूनच हातात घ्यावं. जातीचा दाखला असलेल्यांनी जात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीच्या आधीच अर्ज करावा, कारण दरवर्षी प्रवेश अडतात ते त्याच कागदावर. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना कृषी पदवीच्या प्रवेशात अधिभाराचे गुण मिळत आले आहेत, त्यासाठी सातबारा लागतो. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे आधी जावं लागेल. प्रवेशाचे नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून गेल्या वर्षीची माहिती पुढे पाठवणाऱ्या ग्रुपवर न विसंबता सीईटी सेल आणि त्या त्या विद्यापीठाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका मोबाइलवर उतरवून घ्यावी.